केनवडकरांनो, माणसाला त्याच्या नावानं हाक मारा!
येत्या ग्रामसभेतील ठरावासाठी समस्त ग्रामस्थांना कळकळीचं आवाहन

केनवडच्या आयाबहिणींनो, थोरामोठ्यांनो, तरुण मित्रांनो,

“लंगड्याच्या घराजोळ थांबजो.” “अबे भैऱ्या, तुलेच सांगून राह्यलो!” “त्या येडीच्या पोराले बोलाव.” आपल्या गावात असं बोलणं रोज कानावर पडतं. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं. पण सातबाऱ्यावर आणि रेशन कार्डावर ज्याचं स्वतःचं नाव आहे, त्याची गावाच्या तोंडी जन्मभर एवढीच ओळख उरते: त्याचा पाय, त्याचा कान, त्याचा डोळा. पुढे ती लेकरांनाही चिकटते. ‘लंगड्याचा पोरगा’, ‘आंधळीची सून’. हे आता थांबलं पाहिजे, आणि ते आपणच थांबवायचं आहे.

घाई एवढ्यासाठी की शाळेत चिडवणारं पोर तो शब्द घरातूनच घेऊन जातं. ‘तोतऱ्या’ म्हणून हसतील या धाकानं उत्तर येत असूनही जे लेकरू हात वर करत नाही, त्याचं ते वर्ष वाया जातं. शाळा सुटल्यावर गावानं कितीही हळहळ केली, तरी ते वर्ष परत मिळत नाही.

‘एवढ्याशा शब्दाचं काय घेऊन बसलात?’ असं काही जण म्हणतील. कायद्याला तो शब्द एवढासा वाटत नाही. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे, चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला, तर ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही चित्रपटांतल्या दिव्यांगांच्या चित्रणाबाबत निकाल देताना बजावलं की, हिणवणारे शब्द भेदभावाला खतपाणी घालतात. केनवडात कोणावर गुन्हा दाखल व्हावा, अशी आमची मुळीच इच्छा नाही. पोलिसांची पायरी चढण्याआधी गावानंच शहाणं व्हावं.

मग म्हणायचं तरी काय? यावर देशात मोठा वाद आहे. २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी ‘विकलांग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. पुढे सरकारी कागदांवर तोच रूढ झाला. आपल्या राज्यात २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही झाला. अनेकांना हा शब्द सन्मानाचा वाटतो. पण अपंगांच्या काही संघटनांनी त्याला तेव्हाच विरोध केला. आमच्या अंगात दैवी काही नाही, आम्हाला देवत्व नको, हक्क हवेत, हे त्यांचं म्हणणं. ऐकू न येणारे बरेच जण ‘मूकबधिर’ हा शब्द नाकारतात. ते मुके नसतात, हातांच्या खुणांची त्यांची पुरती भाषा असते. म्हणून त्यांना ‘कर्णबधिर’ म्हणावं.

या वादाचा निकाल गावातल्या धडधाकट माणसांनी लावू नये. ज्याला हाक मारायची, त्यालाच विचारावं. कोणी ‘दिव्यांग’ म्हणेल, कोणी ‘अपंग’ म्हणेल, तो त्याचा अधिकार. आणि दहापैकी नऊ वेळा यातल्या कुठल्याच शब्दाची गरज पडत नाही. आईबापांनी ठेवलेलं नाव पुरतं.

दिसत नाही ते दुखणं खोटं, असंही समजू नका. दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व आहे. आपल्या विदर्भात आढळणारा सिकलसेलही त्यात येतो. त्यानं सांधे ठणकत असलेल्या पोरीला ‘नाटकं करते’ म्हणणं, हाही अपमानच.

गावानं मनावर घेतलं तर हे होतं. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये आयाबहिणींवरून शिव्या देण्यास बंदी घालणारा ठराव केला आणि ५०० रुपये दंड ठरवला. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, वझ्झरला, टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना पद्मश्री शंकरबाबा पापळकरांनी स्वतःचं आडनाव दिलं. त्यांनी परक्यांच्या मुलांना नाव दिलं. आपल्याला तर आपल्याच माणसांचं नाव घ्यायचं आहे.

म्हणून हात जोडून मागणं:

१. आजपासून घरात, विशेषतः लेकरांदेखत, कोणाच्याही व्यंगावरून हाक मारू नका. म्हणी पुस्तकात राहू द्या, पण ‘आंधळा मागतो एक डोळा’ कोणाच्या तोंडावर फेकू नका.

२. गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात असं चिडवणं ऐकलं की त्याच क्षणी थांबवावं.

३. लग्नात, गणपती-दुर्गादेवीच्या कार्यक्रमांत लंगडण्याची, तोतरेपणाची नक्कल करून हशा मिळवू नका. गावच्या व्हॉट्सॲप गटांवरही तसले व्हिडिओ टाकू नका.

४. कोणालाही व्यंगावरून हाक न मारण्याचा ठराव ग्रामपंचायतीनं येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. स्वउत्पन्नातला दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधी किती जमला, कशावर खर्च झाला, हे त्याच सभेत वाचून दाखवावं. गोड बोलून हक्काचा पैसा अडवणं हा सन्मान नव्हे.

५. सभा पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत अशा जागी घ्यावी. ज्यांच्याबद्दल हा ठराव आहे, त्यांनी आधी बोलावं.

तरुणांनो, तुमच्या गल्लीतल्या ज्यांना एकट्यानं येणं जमत नाही, त्यांना विचारून सोबत घेऊन या. प्रत्येक घरातून निदान एक माणूस सभेला आलाच पाहिजे. ठराव वाचला जाईल तेव्हा हात वर करा, आणि घरी जाताना वाटेत भेटेल त्याला नावानं रामराम घाला.

आपला,
केनवडचा एक ग्रामस्थ