डोंगरातले जहाज

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे गोदावरीचा काठ, माजलगावचे आणि मांजराचे धरण, आणि उन्हाळ्यात गावात येणारा टँकर. अशा जिल्ह्यातले एखादे मूल संगणकावर लाकडी शिडाच्या जहाजाचे मॉडेल करत बसले, तर घरात पहिला प्रश्न निघतो, "याचा आपल्याला काय उपयोग?" प्रश्न गैर नाही. घरात लॅपटॉप एकच असतो, बारावीचे वर्ष डोक्यावर असते, आणि पडद्यासमोर बसलेले मूल शिकते आहे की खेळते आहे हे लांबून कळत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही याच प्रश्नाचे उत्तर शोधू पाहतो.

पहिली गोष्ट म्हणजे जहाज आपल्याला वाटते तितके परके नाही. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हाजी बोटीने जात. आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हजला निघताना. खलाशी हा शब्द अरबीतून आला, नाखवा हा फारसीतल्या नाखुदावरून. आणि आपल्या देशातल्या जुन्या जहाजाचे एक नामांकित चित्र तर मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, समुद्रापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर, डोंगराच्या पोटात, दीड हजार वर्षांपूर्वी कोणा चित्रकाराने तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगवून ठेवले आहे.

याच चित्रावरून अलीकडे खरे जहाज बांधले गेले. सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या आहेत, आणि सांधे नारळाच्या काथ्याने व राळेने बुजवलेले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले, २१ मे २०२५ रोजी कारवारला त्याचे 'कौंडिण्य' असे नामकरण होऊन ते नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघून ते जानेवारीत मस्कतला पोहोचले. जुने अरब व्यापारीही अशाच शिवलेल्या जहाजांतून या समुद्रात ये-जा करत.

आता अडचण पाहा. भिंतीवरच्या चित्रात जहाजाची एकच बाजू दिसते. पाण्याखालचे पोट दिसत नाही, लांबी-रुंदी लिहिलेली नाही, फळी किती जाड हेही नाही. अशा जहाजाचा एकही मूळ आराखडा शिल्लक नाही. मग चित्रावरून आकार ठरवावा लागला, आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाने मॉडेलवर पाण्यातल्या चाचण्या घेतल्या, आणि डोलकाठी व शिडांचा भार पेलेल का हे नौदलाने तपासले. जिथे चित्र गप्प होते तिथे माणसांना निर्णय घ्यावे लागले. शिवाय काही गोष्टी मुद्दाम प्रतीक म्हणून घातल्या. शिडावर गंडभेरुंड आणि सूर्य आहे, डेकवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर आहे. हे सारे एकाच काळातले नाही, आणि बांधणाऱ्यांनीही ते प्रतीक म्हणूनच सांगितले आहे.

संगणकावर मॉडेल करणाऱ्या मुलासमोर हाच पेच लहान आकारात उभा राहतो. ब्लेंडर किंवा फ्रीकॅड ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पण सॉफ्टवेअरला अंदाजपंचे चालत नाही. प्रत्येक फळीला जागा, लांबी आणि जाडी द्यावी लागते. आधी जहाजाची तीन रेखाचित्रे लागतात: बाजूने, वरून, आणि आडवे काप. आडवे काप म्हणजे काकडीच्या चकत्या समजा. लांबीभर ठराविक अंतरावर चकती कापली तर तिचा आकार कसा दिसेल, ते रेखाटायचे. या चकत्या ओळीने उभ्या करून त्यांच्यावरून फळ्यांची कातडी चढवली की जहाजाचे पोट तयार होते. पोटाखालून कण्यासारखे लांब लाकूड जाते, त्याला जुने बांधणारे 'पठाण' म्हणतात. बांधणीचा क्रमही समजून घ्यावा लागतो. शिवलेल्या जहाजात आधी फळ्या जोडतात आणि आतल्या फासळ्या मागाहून बसवतात. युरोपीय धाटणीच्या जहाजात फासळ्या आधी उभ्या राहतात. चित्रात दोन्ही सारखीच दिसतील, पण आतून ती दोन वेगळी जहाजे आहेत.

आराखडा हाती असणे म्हणजे काय, हे मुंबईच्या एका जहाजाच्या गोष्टीतून कळते. १७८२ मध्ये इंग्रजांनी 'हेबे' नावाचे फ्रेंच जहाज पकडले, त्याची मापे घेतली आणि त्या मापांवरून आपली जहाजे बांधू लागले. त्याच जातीचे एक जहाज मुंबईच्या गोदीत बांधायचे ठरले. पण आराखडे घेऊन येणारे 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेले, आणि कागदही त्याच्याबरोबर गेले. दुसरी प्रत येईपर्यंत काम थांबले. शेवटी जमशेदजी बमनजी वाडिया यांनी ते सागवानात बांधले, आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये 'ट्रिंकोमाली' पाण्यात उतरले. आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे ते तरंगते आहे. गोदीत कसबी हात होते, साग होता. नव्हती ती फक्त मापे. अजिंठ्याच्या जहाजाची मापे कोणी लिहूनच ठेवली नाहीत, म्हणून त्याला पुन्हा पाण्यावर यायला दीड हजार वर्षे लागली.

आमच्या नात्यात एक मुलगी गेल्या सुट्टीत असेच मॉडेल करत होती. तिचे वडील बीडमध्ये सुतारकाम करतात. त्यांना संगणक चालवता येत नाही. एका रात्री चहा पिता पिता ते पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बेटा, ही फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग कशी? एवढा लांब साग कुठून आणणार?" मग त्यांनी कागदावर काढून दाखवले की फळ्या तुकड्यांत जोडाव्या लागतात, आणि विटांच्या भिंतीत जसे सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तसे इथेही शेजारच्या फळ्यांचे जोड एका रेषेत येता कामा नयेत. फळी वाकवायची तर वाफ द्यावी लागते, आणि गाठ असेल तिथे ती तडकते, हेही सांगितले. मुलीने दोन आठवड्यांचे काम मोडून पुन्हा केले. समुद्र दोघांनीही पाहिलेला नाही. पण आयुष्यभर रंधा चालवणाऱ्या त्या हातांतले ज्ञान पहिल्यांदाच घरात कोणीतरी लिहून घेत होते. चौकटी, बैलगाड्या, छताच्या तुळया बनवणारे असे हात आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, आणि त्यांचे आराखडे कुठेच नाहीत.

आमच्या मते उपयोग इथे आहे, पण एका अटीवर. मॉडेल करणाऱ्याने कळलेले आणि कल्पिलेले वेगळे ठेवले पाहिजे. त्या मुलीला आम्ही तीन रंग सुचवले. चित्रात किंवा मोजमापात स्पष्ट दिसते ते हिरवे. दुसऱ्या जहाजावरून घेतले ते पिवळे. जसे इंडोनेशियात बेलितुंगजवळ १९९८ मध्ये सापडलेल्या नवव्या शतकातील जहाजाच्या शिवणीवरून घेतलेली माहिती. आणि निव्वळ आपला अंदाज तो लाल. पहिल्यांदा रंग भरले तेव्हा जवळजवळ सगळे जहाज पिवळे आणि लाल झाले. ती थोडी खट्टू झाली. पण खरे जहाज बांधणाऱ्या जाणत्यांचीही स्थिती याहून फार निराळी नव्हती.

ही अट जाचक वाटेल, पण ती सोडली तर नुकसान मोठे आहे. सुंदर रंगवलेले खोटे जहाज आज सहज बनते. ते फोनवरून फिरते, शाळेच्या प्रकल्पात चिकटते, आणि चार वर्षांत "आपले पूर्वज असेच जहाज बांधत" असा पुरावा म्हणून समोर येते. पूर्वजांवर प्रेम असलेल्या माणसाने त्यांच्या नावावर खोटे माप चढवू नये.

हीच शिस्त पुढे घरालाही कामी येते. ज्या मुलाला जहाजाचे काप काढता येतात, त्याला बीडच्या खजाना विहिरीची पायरी किंवा मोहल्ल्यातली जुनी कमान मोजून पडद्यावर उभी करता येईल, ती ढासळण्यापूर्वी.

तेव्हा पालकांनो, मूल रात्री उशिरापर्यंत फळीला फळी जोडत बसलेले दिसले, तर वेळेचे बंधन जरूर घाला. पण शेजारी बसून एका फळीवर बोट ठेवा आणि विचारा, "हे तुला कुठून कळले?" उत्तर ऐकून पुढचे ठरवा.