मानसशास्त्राच्या चौथ्या वर्षाविषयी

आपल्या घरांतून पदवीसाठी मानसशास्त्र हा विषय निवडणारी मुले-मुली आता दिसू लागली आहेत. डी.एड., अभियांत्रिकी, परिचर्या आणि स्पर्धा परीक्षा या मळलेल्या वाटा सोडून कोणी मनाच्या अभ्यासाकडे वळावे, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र तिसरे वर्ष संपत आले की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीला चौथे वर्ष जोडले आहे. तीन वर्षांची पदवी घेऊन थांबावे, की चौथे वर्ष करून ऑनर्स व्हावे? मूल लवकर कमावते व्हावे ही आईवडिलांची अपेक्षा अगदी रास्त आहे. तरीही ज्याला किंवा जिला या विषयाची खरी ओढ आहे, त्याने हे वर्ष, आणि शक्य तर संशोधनासह, पूर्ण करावे असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

प्रथम व्यवहाराचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 च्या डिसेंबरमध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ ही पदवी घेता येते. त्यासाठी 12 श्रेयांकांचा स्वतंत्र संशोधन प्रकल्प करावा लागतो. इतरांना त्याऐवजी अधिकचे विषय घेऊन साधी ऑनर्स पदवी मिळते. ज्यांना पुढे एम.ए. करायचे आहे त्यांच्यासाठी हे वर्ष वाढीव ठरेलच असे नाही. कारण चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची तरतूद आहे, तर तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची. दोन्हीकडे बेरीज पाचच. शिवाय चौथ्या वर्षाअखेर पुरेसे गुण असतील, तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही पात्र होता येते.

परंतु आमचा आग्रह या हिशेबासाठी नाही. तीन वर्षे विद्यार्थी इतरांनी शोधलेले ज्ञान शिकतो. चौथ्या वर्षी प्रथमच तो स्वतः प्रश्न विचारतो, माहिती गोळा करतो, ती तपासतो आणि आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडतो. ज्या समाजाविषयी आजवर बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच लिहिले, त्या समाजातील मुलांसाठी हा अधिकार फार मोलाचा आहे.

याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. मेमी फिप्स क्लार्क या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात एम.ए.साठी प्रबंध लिहिला. शाळेतही न जाणाऱ्या कृष्णवर्णीय बालकांना चित्रे दाखवून, यातला तू कोणता, असे त्यांनी विचारले. स्वतःच्या वर्णाची जाणीव मुलाला केव्हा आणि कशी होते, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे पती केनेथ यांच्यासह त्यांनी गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या मुलांसमोर ठेवल्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. भेदभाव बालमनात किती खोल उतरतो, हे त्यातून जगासमोर आले. 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले, तेव्हा निकालपत्राच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा उल्लेख होता. या दांपत्याने डॉक्टरेट मिळविली ती कोलंबिया विद्यापीठात, जेथे 1913 साली बाबासाहेबांनी प्रवेश घेतला होता. हा सारा प्रवास एका विद्यार्थिनीच्या प्रबंधापासून सुरू झाला, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

आपल्याकडेही असा एक प्रयोग झाला आहे. उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवावयास दिले गेले. कोणाची जात कोणती हे उघड केले नव्हते, तोवर दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक दिसला नाही. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. हा प्रयोग करणाऱ्या कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञ होत्या. मानसशास्त्राचा इतका जिव्हाळ्याचा प्रश्न अर्थशास्त्राने विचारावा, यात आपल्या मानसशास्त्र विभागांनी विचार करण्यासारखे बरेच आहे. एका प्रयोगाने सिद्धांत ठरत नाही. तो निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा करून पाहावा लागतो. महाराष्ट्रातील वसतिगृहांत, आश्रमशाळांत, शहरी वस्त्यांत तो कोण करून पाहणार?

मोजपट्टीचेही तसेच. मराठी आणि कन्नड मुलांसाठी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे रूपांतर डॉ. कामत यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात केले. ते काम मोठेच होते, आणि बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. मात्र त्या काळच्या मुलांवरून ठरलेल्या मानकांनी आजच्या ऊसतोड कामगाराच्या मुलीची बुद्धी मोजावी का, हा प्रश्न उरतोच. तो विचारण्यासाठी संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती यांचे शिक्षण लागते. नुसत्या संतापाने मोजपट्टी बदलत नाही.

आपल्या धम्माच्या संस्कारालाही हे धरूनच आहे. धम्मपदाचा आरंभ मनापासून होतो. कालामांना भगवंतांनी सांगितले की, परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः जाणून घ्या. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी नेमके हेच शिकतो. स्वतःला प्रिय असलेले गृहीतकही पुराव्यापुढे सोडून द्यावे लागते, हा त्यातील सर्वांत अवघड धडा होय.

येथे पालकांना एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. मानसशास्त्रातील ऑनर्स पदवीने कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. मनोरुग्णांवर उपचार करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले स्वतंत्र प्रशिक्षण आणि नोंदणी आवश्यक असते. ‘एका वर्षात समुपदेशक व्हा’ अशा जाहिरातींना भुलू नये. तसेच संशोधनासह ऑनर्सची सोय प्रत्येक महाविद्यालयात नसते. विभागात मान्यताप्राप्त संशोधन मार्गदर्शक आहेत काय, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व स्वाधार योजनेचा लाभ चौथ्या वर्षी मिळेल काय, हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे.

राहिला प्रश्न खर्चाचा. खोलीचे भाडे, खानावळ आणि बुडालेली कमाई हा भार एकट्या कुटुंबावर टाकून आपण त्याला संशोधनाचा उपदेश करणे योग्य नव्हे. म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आमचा प्रस्ताव असा : दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याच्या किंवा विद्यार्थिनीच्या चौथ्या वर्षाचा निर्वाहखर्च आपण सर्वांनी मिळून उचलावा. जे प्राध्यापक आहेत त्यांनी लघुप्रबंधाचा मसुदा वाचून द्यावा, इंग्रजी संदर्भग्रंथ समजावून सांगावेत. विद्यालयानेही आपली दारे अशा अभ्यासासाठी उघडावीत. अट एवढीच की पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलांची नावे गुप्त राहावीत, आणि निष्कर्ष प्रथम येथील शिक्षकांना व पालकांना मराठीत समजावून सांगावेत.

घरापासून दूर राहणाऱ्या लहानग्याला पहिल्या सहा महिन्यांत काय वाटते, बोलीभाषेतून आलेल्या मुलाला प्रमाण मराठीच्या वर्गात गप्प का बसावेसे वाटते, आडनाव विचारले जाताच त्याचा आवाज का खाली येतो, हे आपल्यापैकी अनेकांना अनुभवाने ठाऊक आहे. पण अनुभव मनातच राहिला तर शाळांचे नियम आणि शासनाची धोरणे त्यावाचूनच ठरतात. तो तपासून, मांडून, इतरांना पडताळता येईल अशा रूपात पुढे ठेवण्यासाठी एका तरुणाला एक वर्ष लागते. ते वर्ष त्याला मिळवून देणे आपल्या आवाक्यातले आहे.