हजेरीपत्रक हीच गुरुजींची कसोटी?

डिसेंबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी हे लहानसे गाव जगाच्या नकाशावर झळकले. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना देऊ केली. दोन वर्षेही उलटली नाहीत तोच, जुलै २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा सादर केला. मधल्या काळात गाजली ती रजेची आणि प्रतिनियुक्तीवरील गैरहजेरीची चौकशी!

नियम पुरस्कारप्राप्तांनाही लागू असलेच पाहिजेत; हजेरीचा हिशेब मागणे गैर नाही. परंतु गुरुजी वर्गात असताना मुले काय शिकली, याचा हिशेब कोण मागतो? केंद्रप्रमुखाने वर्गात बसावे, पाठ पाहावा, अडलेल्या शिक्षकाला वाट दाखवावी, ही अपेक्षा. प्रत्यक्षात तो माहितीचे तक्ते गोळा करण्यातच बुडतो. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक कामांना मनाई केली. तरीही शिक्षकाच्या हातचा खडू सुटतो आणि कागद सुटत नाही.

उणिवा मोजणारा साहेब नव्हे, त्या दूर करणारा मार्गदर्शक शिक्षकाला हवा आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. गुरुपौर्णिमेला पुष्पहार अर्पण करणाऱ्या समाजाने उरलेले दिवस मूक राहावे काय?