गोळीचा हिशेब कोण देणार?

'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिला. चकमकीत पोलिसांच्या गोळीने माणूस मेला तर गुन्हा नोंदवावा, तपास त्याच ठाण्याच्या हाती ठेवू नये, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी, घटनेनंतर लगेच कोणाला शौर्यपदक वा बढती देऊ नये, अशी सोळा मार्गदर्शक तत्त्वे त्या निकालाने घालून दिली. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, त्याच महाराष्ट्रात बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्या गोळीने मेला. संबंधित पोलिसांवर गुन्हा नोंदवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला, तो ७ एप्रिल २०२५ रोजी. मधले साडेसहा महिने राज्य सरकार अपमृत्यूच्या नोंदीवर बोट ठेवून स्वस्थ बसले होते.

आरोप किती भीषण होता, हे सांगण्याची गरज नाही. चार वर्षांच्या दोन बालिकांवर शाळेतच अत्याचार झाल्याची ती तक्रार होती. ती नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूरच्या जनतेने रेल्वे रोखून धरली ती याच संतापातून, आणि तो संताप न्याय्य होता. त्या गर्दीत पुरोगामी पक्षांचे कार्यकर्तेही होते, आणि पुढे आरोपी मारला गेला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी मनोमन सुटकेचा निःश्वास टाकला. म्हणूनच हा प्रश्न केवळ सत्ताधाऱ्यांना विचारून भागत नाही.

गोळीच्या समर्थनार्थ दोन उत्तरे एकाच वेळी दिली गेली. पहिले न्यायालयात : तळोजा कारागृहातून नेताना मुंब्रा बाह्यवळण रस्त्याजवळ आरोपीने अधिकाऱ्याचे पिस्तूल हिसकावले, गोळ्या झाडल्या, एक अधिकारी जखमी झाला, तेव्हा नाइलाजाने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. दुसरे रस्त्यावर : 'बदला पुरा' अशा अक्षरांचे फलक मुंबईत झळकले, त्यांवर राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांचे हाती शस्त्र घेतलेले चित्र होते. विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. ही दोन्ही उत्तरे एका वेळी खरी असू शकत नाहीत. स्वसंरक्षण म्हणजे टाळता न आलेली आपत्ती. तिचा कोणी उत्सव करीत नाही. सूड म्हणजे ठरवून केलेले कृत्य. त्याला कायद्यात एकच नाव आहे, आणि ते नाव खून हे आहे. ज्यांनी फलक लावले त्यांनी आपल्याच सरकारी वकिलाची बाजू चव्हाट्यावर खोटी पाडली, इतकेही भान त्यांना राहिले नाही.

स्वसंरक्षणाचा अधिकार हा पोलिसांचा खास हक्क नव्हे. भारतीय न्याय संहितेने तो प्रत्येक नागरिकाला दिला आहे, आणि त्याच संहितेच्या ३७ व्या कलमाने त्याला मर्यादाही घातली आहे : बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. शेतातल्या भांडणात एखाद्या शेतमजुराच्या हातून माणूस मेला आणि त्याने स्वसंरक्षणाचा बचाव घेतला, तर त्याला अटक होते, खटला चालतो आणि तो बचाव शाबित करण्याचा भार त्याच्यावर येतो. 'साहेब, माझा जीव धोक्यात होता' एवढे म्हटल्याने त्याला कोणी घरी सोडत नाही. वर्दी अंगावर असलेल्याला मात्र त्याचा शब्द हाच पुरावा धरावा, हा न्याय कोणत्या संविधानातला?

बदलापूर प्रकरणात पुरावा काय सांगतो? गाडीत आरोपी एक आणि पोलीस पाच. गोळी डोक्यात लागली. त्याला आवरता आले नसते काय, पायावर गोळी का झाडली नाही, असे प्रश्न उच्च न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच विचारले. दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयासमोर आला. पिस्तुलावर मृताच्या बोटांचे ठसे नव्हते, वापरलेले बळ समर्थनीय नव्हते, स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद आहे आणि पाचही पोलीस या मृत्यूला जबाबदार आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष म्हणजे शिक्षा नव्हे. त्या पाचांनाही न्यायालयात आपला बचाव मांडण्याचा पूर्ण हक्क आहे. गाडीतल्या सहाव्या माणसाला तो मिळाला नाही, एवढाच फरक.

'अशा नराधमासाठी अश्रू कशाला?' असे विचारले जाते. अश्रू ढाळण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न खटल्याचा आहे. आरोपपत्र नुकतेच दाखल झाले होते. खटला चालला असता तर केवळ सफाई कामगाराचे कृत्य नव्हे, तर त्याला नेमणारी, त्याच्यावर देखरेख न ठेवणारी आणि कळल्यावरही मौन पाळणारी सारी यंत्रणा साक्षीपुराव्याच्या उजेडात उभी राहिली असती. गोळीने तो उजेड विझवला. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. शाळेचे विश्वस्त मात्र ऑक्टोबरपर्यंत पोलिसांना सापडत नव्हते! गोळीचा नेम नेहमी शिडीच्या तळाच्या पायरीवर असतो, ही गोष्ट ज्यांना वर्गीय दृष्टीचे वावडे आहे त्यांनीही एकदा विचारात घ्यावी.

या प्रकाराला महाराष्ट्रात दीर्घ पूर्वपीठिका आहे. २०१४ चा निकाल ज्या तक्रारीतून आला ती १९९५ ते १९९७ या काळातील मुंबईच्या ९९ चकमकींविषयी होती. त्यांत सुमारे १३५ माणसे मेली. त्या काळी वृत्तपत्रे अधिकाऱ्यांच्या नावापुढे बळींचा आकडा क्रिकेटच्या धावांसारखा छापत. त्यांतलाच एक नामांकित अधिकारी २००६ मधील वर्सोव्याच्या बनावट चकमकीत खुनासाठी दोषी असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी दिला. न्यायाला सतरा वर्षे लागली; तोवर दंतकथा तयार झाली, चित्रपट निघाले.

हैदराबादचे उदाहरण तर ताजे आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी बलात्कार व खुनाच्या गुन्ह्यातील चार आरोपी पोलिसांनी मारले, आणि जमावाने पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने न्या. विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाला, असे आयोगाने म्हटले, आणि चारांपैकी तिघे अल्पवयीन होते असेही. उधळलेली फुले कशी परत घ्यायची, हे त्या जमावाला कोणी सांगितले नाही.

'न्यायालयाला वर्षानुवर्षे लागतात, मग लोक काय करणार?' हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. परंतु विलंबाचे कारण कायदा नसून अंदाजपत्रक आहे. न्यायाधीशांच्या जागा रिक्त, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत नमुने पडून, तपासाचे काम आणि बंदोबस्त एकाच शिपायाच्या माथी. यांवर पैसा खर्च करायचा तर दुसरीकडे हात आखडावा लागतो. गोळी स्वस्त पडते. चकमक म्हणजे न्यायदानावरील सरकारी काटकसर होय. पण तिची किंमत सरकार मोजत नाही, उद्या जो कोणी चुकीने पकडला जाईल तो मोजतो. तो बहुधा उपनगरातल्या झोपडपट्टीतला असतो.

पोलिसाच्या जिवाचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला, म्हणून कटाचा धागा हाती आला, खटला चालला, अपिले झाली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. त्या रात्री स्वसंरक्षणाचा अधिकार ओंबळ्यांहून अधिक कोणाला होता?

समाजवादी चळवळीला तर हा प्रश्न नवा नाही. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे पट्टम थाणू पिळ्ळै यांचे सरकार असताना पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते आणि तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. तो मिळाला नाही. वाद पेटला आणि पुढे पक्षच फुटला. त्या फुटीचे परिणाम चळवळीने दीर्घकाळ भोगले, तरी लोहियांचा प्रश्न चुकीचा होता असे कोणी सिद्ध केलेले नाही. जे आपल्या सरकारला गोळीचा हिशेब मागू शकले, त्यांच्या वारसांनी परक्या सरकारच्या गोळीवर टाळ्या वाजवाव्यात, हे दृश्य उद्वेगजनक आहे.

उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या रचनेची जबाबदारी राज्याच्या पोलीस महासंचालकांकडे दिली. म्हणजे तपास अखेर पोलीसच करणार. मृताच्या गरीब आईवडिलांनी फेब्रुवारी २०२५ मध्येच न्यायालयाला सांगून टाकले, की त्यांना हा खटला पुढे चालवायचा नाही. त्याआधी मुलाला पुरण्यासाठी जागा मिळवताना त्यांना कित्येक दिवस वणवण करावी लागली होती. बदलापुरात रेल्वे रोखणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी किती जण आता या तपासाच्या प्रगतीचा जाब विचारण्यासाठी पोलीस महासंचालकांच्या दारात उभे राहणार आहेत?