हरळी लावा, पाटी काढा



विहार, समाजमंदिर, वाचनालय यांच्यापुढे लॉन करण्याची हौस आपल्या वस्त्यांमधून वाढली आहे. हौस चांगलीच आहे. पण दोन वर्षांनी तेथे जाऊन पाहावे, तर मधोमध उघड्या मातीची ठिगळे, कडेला गाजरगवत आणि दारात पाटी : "हिरवळीवर चालू नये." वर्गणी लोकांची, आवार लोकांचे आणि मज्जावही लोकांनाच! मुलांनी मग खेळावे कोठे? रस्त्यावर?

दोष मुलांच्या पायांचा नाही, गवताच्या निवडीचा आहे. आपला भातकुली तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारट आणि माती काळी चिकण. खारट पाणी शिंपले की पाणी उडून जाते, क्षार मातीतच राहतात. त्यातील सोडियममुळे माती आवळते व पाणी मुरत नाही. त्यात आपले मोठे कार्यक्रम १४ एप्रिलला आणि बहुधा मे महिन्यात येणाऱ्या बुद्ध पौर्णिमेला. गवत तहानेने अर्धमेले असते, तेव्हाच त्यावर मंडप, खुर्च्या आणि शेकडो पाय येतात. नर्सरीतून आणलेले नाजूक गवत तेथे टिकणार कसे?

टिकणारे गवत आपल्या धुऱ्यावरच आहे. ते म्हणजे हरळी. शेतकरी तिला तण म्हणून शिव्या देतो, पण ज्या गुणामुळे ती वावरातून जात नाही, तोच गुण अंगणात कामाचा. जमिनीवर पसरणारे धावते आणि जमिनीखालची कांडी, दोन्हींतून ती फुटते. वरचे पाते तुडवले तरी खालून नवे येते. परदेशात तिला बर्म्युडा म्हणतात व खेळाच्या मैदानांसाठी मुद्दाम लावतात. जमिनीतील क्षार मोजण्याचे एक माप आहे, डेसिसायमन. उत्पन्न घटू लागण्याची मर्यादा कपाशीसाठी ७.७, हरळीसाठी ६.९, ज्वारीसाठी ६.८ आणि कांद्यासाठी अवघी १.२ मानतात. म्हणजे जेथे पऱ्हाटी आणि ज्वारी उभी राहते, तेथे हरळीही राहील. थंड देशांतील राय गवताचे पाकीट मात्र घेऊ नका. ते आपला उन्हाळा काढत नाही. हरळीलाही एक अट आहे. तिला दिवसाचे सहा-सात तास ऊन हवे. निंबाच्या दाट सावलीत ती विरळच राहणार. तेथे फरशी किंवा मुरूम बरा.

आता कृती. पहिला दमदार पाऊस झाला की ठिगळाची जागा कुदळीने चार इंच खणावी, ढेकळे फोडावीत, चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्च्या शेणखतातून तणाचे बी येते. मातीत सोडियम जास्त असेल तर जिप्सम लागते. पण ते अंदाजाने टाकू नये, आधी माती परीक्षण करून घ्यावे. मग हरळीच्या दोन-तीन पेरांच्या कांड्या चार ते सहा इंचांवर लावाव्यात. एक पेर मातीत, शेंडा वर. पायाने माती दाबावी. या कामाला पैसा लागत नाही. बी टाकायचे असेल तर १०० चौरस फूट उघड्या जागेला ५० ते ९० ग्रॅम पुरे. बी फार बारीक असते. कोरड्या रेतीत मिसळून फेकावे आणि वर मातीचा नुसता हात फिरवावा. खोल गेले तर उगवणार नाही. ओल धरून ठेवली तर दहा ते वीस दिवसांत ते उगवते. गवत अडीच-तीन इंच झाले की पहिली कापणी करावी. एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. उपटलेली हरळी मात्र कोणाच्या वावरात फेकू नका!

पाण्याचा हिशेब मी कारकुनी सवयीने मांडतो. २० बाय ३० फूट लॉनला एक इंच पाणी म्हणजे सुमारे १,४०० लिटर, २०० लिटरचे सात ड्रम. उन्हाळ्यात दर आठवड्याला एवढे पाणी ज्या गावात माउल्या घागरी भरून आणतात, तेथे गवतावर ओतणे शोभत नाही. म्हणून लागवड पावसाळ्यातच करा. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तरी घाबरू नका; ती मेलेली नसते, पावसात पुन्हा फुटते. ५०० चौरस फूट छतावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १,१८० लिटर गोडे पाणी पडते. ते नालीत सोडण्याऐवजी टाकीत वळवा आणि उघडिपीत वापरा.

कांड्या लावल्यावर सहा ते आठ आठवडे तेवढ्या ठिगळावर पाय पडता कामा नये. नेमका तोच काळ वर्षावासाचा. रोज संध्याकाळी वाचनाला माणसे येतात, म्हणून दारापर्यंत फरशीची पायवाट आधी करावी. भिक्षू पावसाळ्यात फिरताना हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांची तक्रार आली, तेव्हा भगवान बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला, असे विनयपिटकात आहे. नियम तीन महिन्यांचा होता, बारा महिन्यांचा नव्हता. आपणही तसेच करू. दोन महिने सुतळी बांधा आणि कारण मुलांना समजावून सांगा. कांड्या त्यांच्याच हातून लावून घ्या, म्हणजे राखणदार वेगळा नको.

दोन महिन्यांनी सुतळी सोडा आणि ती पाटीही काढून टाका. सार्वजनिक जागेच्या दारातून परत फिरण्याचे दिवस आपल्या आजोबांनी पुष्कळ पाहिले. आपण लावलेल्या गवताने तरी आपल्या लेकरांना अडवू नये.