तिकिटाबाहेरचा माळ

डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थ हाउसमध्ये शिरायला तिकीट लागतं, पण भोवतीचं, डर्वेंट नदीकाठचं विस्तीर्ण उद्यान पायी फिरायला मोकळं आहे. मुलं बरोबर असतील तर वाड्याआधी तेच गाठावं. एडन्सर गावातून निघालं की मेंढ्या, दगडी पूल आणि लोळायला उतार. सहा वर्षांच्या पोराला वाड्याच्या मालक ड्यूक घराण्याच्या तैलचित्रांपेक्षा याचंच अप्रूप (आणि मोठ्यांनाही, कबूल करोत न करोत). उद्यान खुलं ठेवण्यात मालकांचं औदार्य असेलही. डोंगरमाळांची गोष्ट वेगळी. याच घराण्याच्या मालकीच्या किंडर स्काउट या डोंगरमाळावर १९३२ साली शेकडो तरुण कामगार प्रवेशबंदी मोडून चढले, पाच जण तुरुंगात गेले. माळांवर फिरण्याच्या हक्काचा कायदा थेट २००० साली झाला. २००२ मध्ये तेव्हाच्या ड्यूकने १९३२ च्या त्या प्रकाराबद्दल जाहीर माफीही मागितली. गर्दीने कुरणं तुडवली जातात, मोकाट कुत्री मेंढ्यांवर धावतात, हा मालकांचा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर कुत्र्याला साखळी आणि फाटकाला कडी हा इलाज आहे, बंदी नव्हे. ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीला बंदुका घेऊन येणाऱ्या पाहुण्यांना त्याच माळावर कुणी अडवत नव्हतं.