होकायंत्रास रजा देऊं नये

हातांतील मोबाईलवर नकाशा उमटूं लागल्यापासून होकायंत्राचें काम संपलें, असें आतां सर्रास बोललें जातें. वेसावें, मढ, मनोरी, गोराई अशीं दर्यावर्दी गांवें ज्या उपनगरांच्या कुशींत आहेत, तेथील विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं तरी हें मत विचार केल्यावांचून स्वीकारूं नये.

येथें खेळण्यांतील कोरडी सुई आम्हांस अभिप्रेत नाहीं. लाटेच्या हेलकाव्यासरशीं ती डोलत राहते, आणि ती स्थिर होण्याची वाट पाहावयास समुद्र थांबत नाहीं. यास्तव फ्रान्सिस क्रो या इंग्रज गृहस्थानें १८१३ सालीं द्रवानें भरलेल्या होकायंत्राचें पेटंट घेतलें. त्याची रचना मोठी मार्मिक आहे. भांड्यांत मद्यार्कमिश्रित पाणी किंवा पातळ, स्वच्छ तेल भरतात. चुंबक लावलेली अंशांची तबकडी एका पोकळ तरंड्यावर बसविलेली असते. तिचा बहुतेक भार द्रवच उचलतो, त्यामुळें खालच्या अणकुचीदार खुंटीवर वजन असें फारसें पडत नाहीं व घर्षण अल्प राहतें. तोच द्रव तबकडीच्या डोलण्यासही आळा घालतो. उन्हानें द्रव फुगला तर भांडें फुटूं नये म्हणून एक लवचीक पडदा ठेवलेला असतो. सारें काम विजेच्या एका कणावांचून चालतें!

हें यंत्र केवळ कोळी बांधवांचें नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हां त्यांच्या विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. खालीं दिसणारी भूमि आणि समोरचें होकायंत्र, एवढाच आधार. आज सहारच्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानांतही संगणकांच्या गर्दींत एक लहानसें द्रवयुक्त होकायंत्र राखीव म्हणून असतें. घाटकोपरकरांच्या डोक्यावरून विमानें ज्या धावपट्टीवर उतरतात, तिचा क्रमांक २७. हा आंकडा होकायंत्रानेंच दिलेला आहे: २७० अंशांतील शेवटचें शून्य गाळलें, म्हणजे पश्चिम. त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोंकास ०९ म्हणतात.

मोबाईलमध्यें होकायंत्र आहेच कीं, असा आक्षेप येईल. आहे, पण तेंही पृथ्वीच्या चुंबकत्वावरच चालतें, आणि बॅटरी संपतांच मुकें होतें. उपग्रह आपण कोठें आहों तें सांगतात. उभ्या होडीचें नाळेकडील तोंड कोणीकडे आहे, हें त्यांच्या एका साध्या ग्राहकयंत्रास कळत नाहीं. शिवाय उपग्रहांच्या संदेशांत कोणी मुद्दाम व्यत्यय आणूं शकतो. जून २०२५ मध्यें होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या परिसरांत शेंकडों जहाजांस याचा अनुभव आला.

तथापि होकायंत्राची भलती भलामण आम्हांस करावयाची नाहीं. लोखंड जवळ आलें कीं तें खोटें बोलूं लागतें, आणि विजेच्या प्रवाहाचेंही त्यास वावडें आहे. कुलाब्याच्या वेधशाळेंत भूचुंबकत्वाचीं मापनें १८४० नंतरच्या दशकापासून चालूं होतीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरतांच तें काम १९०४ सालीं अलिबागेस हलविण्यांत आलें, व तेथील इमारतींत लोखंड कटाक्षानें टाळलें. ट्रामच्या भयानें जेथें शास्त्रज्ञांस समुद्रापलीकडे जावें लागलें, तेथें तांडेलानें होकायंत्राला खेटून मोबाईल ठेवावा, ज्याच्या कर्ण्यांतच चुंबक असतो, आणि वर उत्तर दिशा बिनचूक मागावी, हा न्याय कोणता?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. शाळेनें एक द्रवयुक्त होकायंत्र घेऊन तें लांकडी स्टँडवर, फाटक व मोटारी यांपासून दूर मांडावें, आणि आठवीपासूनच्या प्रत्येक मुलामुलीस त्यावरून अंश वाचावयास लावावें. ज्यांच्या घरीं होडी आहे त्यांनीं पावसाळ्यांतील मासेमारीबंदी उठण्यापूर्वीं आपलें यंत्र तपासावें. आंत हवेचा बुडबुडा दिसल्यास द्रव गळत आहे असें समजावें. चुंबक जवळ आणून तबकडी थोडी सरकवावी व चुंबक दूर न्यावा. ती पूर्वींच्याच अंशावर परत न आली तर खुंटी झिजली आहे.

तिसरी कसोटी मुलांनींच करावी. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत मुंबईस एका अंशाहूनही कमी अंतर आहे. न्यूयॉर्कास तें बारा-तेरा अंश भरतें. तेव्हां निरभ्र रात्रीं गोराईच्या किनाऱ्यावर, दिव्यांपासून दूर, होकायंत्राचा उत्तरबिंदु आणि ध्रुवतारा एका रेषेंत येतात कीं नाहीं तें पाहावें. तारा क्षितिजापासून सुमारें १९ अंशच वर असतो. मान फार उंच करावी लागत नाहीं.